वेगवान युरोपियन सेडान घेताना आधी इंजिनाचा कोड पाहा

साठ-सत्तर लाखांची नवी बीएमडब्ल्यू परवडत नाही, पण त्याच घराण्यातली आठ-दहा वर्षांची गाडी नव्या मध्यम एसयूव्हीच्या किमतीत मिळते, हे कळलं की अनेकांची झोप उडते. मग ओळखीतल्या चार जणांना विचारणं सुरू होतं: ‘बीएमडब्ल्यू भरवशाची असते का?’ एक जण सांगतो, लाखभर किलोमीटर चालवली, काही झालं नाही. दुसरा सांगतो, या फंदात पडू नकोस, गाडी गॅरेजमध्येच राहील. दोघंही खरंच बोलत असतात. दोघांच्या गाड्यांच्या बॉनेटवर चिन्ह एकच असतं, पण बॉनेटखालचं इंजिन वेगळं असतं.

म्हणून ‘बीएमडब्ल्यू घेऊ की ऑडी की मर्सिडीज’ हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. आधी विचारायचं ते इंजिनाचा कोड, म्हणजे कंपनीनं त्या इंजिनाला दिलेलं नाव, कोणता, गाडी कोणत्या वर्षीची आणि गिअरबॉक्स कोणता. वेग हवा तर भरवसा सोडावा लागतो, असा सरसकट नियम नाही. काही इंजिनांत दोन्ही मिळतं, काहींत एकासाठी दुसऱ्याचा बळी दिलेला असतो. कोणत्या इंजिनात काय आहे, हे खरेदीपूर्वी बऱ्यापैकी कळू शकतं.

हे समजण्यासाठी ताकद कुठून येते ते पाहू. इंजिनातून जास्त ताकद काढायचे मुख्य मार्ग तीन. इंजिन मोठं करायचं, ते जास्त आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्यांनी, फिरवायचं किंवा टर्बोनं जास्त हवा आत ढकलून जास्त इंधन जाळायचं. प्रत्येक मार्गाचा ताण वेगळ्या भागावर येतो. जास्त फिरणाऱ्या इंजिनात तो पिस्टनला फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या बेअरिंगवर येतो. टर्बोच्या इंजिनात उष्णता आणि दाब वाढतो, त्यामुळे कूलंट, तेल, गॅस्केट आणि इंधनाचा पंप यांची परीक्षा होते. तेव्हा ‘ही गाडी किती हॉर्सपॉवरची’ याला जोडूनच ‘ही ताकद कोणत्या भागाच्या जिवावर काढली आहे’ हेही विचारायला हवं.

यासाठी बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीजइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही. जवळजवळ तीच गाडी, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, आणि त्याच्या एकामागून एक तीन पिढ्या: एन ५४, एन ५५ आणि बी ५८.

एन ५४ हे इंजिन ३३५आय या गाडीत २००६-०७ च्या सुमारास आलं. दोन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर आणि अगदी कमी आरपीएमपासून मिळणारा जोर. २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं या इंजिनाला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण त्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये अतिशय जास्त दाबानं फवारलं जात होतं, आणि हा दाब तयार करणारा पंप टिकत नव्हता. गाडी सुरू व्हायला वेळ लागायचा किंवा चालता चालता ताकद एकदम कमी व्हायची. शेवटी ऑक्टोबर २०१० मध्ये बीएमडब्ल्यूनं अमेरिकेत सुमारे १ लाख ३० हजार गाड्या पंपासाठी परत बोलावल्या. तिथं या पंपाची वॉरंटी दहा वर्षं किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवावी लागली. त्याशिवाय टर्बोचा दाब आवरणाऱ्या वेस्टगेट झडपेची खडखड, इंधन फवारणारे महागडे पिझो इंजेक्टर आणि हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर साचणारी काजळी हे होतंच. इंधन थेट सिलिंडरमध्ये जात असल्यामुळे व्हॉल्व्ह पेट्रोलनं धुऊन निघत नाहीत. ती काजळी काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारावा लागतो. गॅरेजवाले खरंच असं करतात. टरफल काजळी खरवडण्याइतकं कडक असतं, पण धातूवर ओरखडा काढण्याइतकं नसतं.

एन ५५ त्यानंतर २००९ मध्ये आलं. ताकद कागदावर तेवढीच, ३०६ हॉर्सपॉवर. पण दोन टर्बोंच्या जागी एक, आणि पिझोऐवजी साधे सोलेनॉइड इंजेक्टर. आकडे न वाढवता यंत्रणा सोपी करण्याचा हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. जाहिरातीत सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, मालकाला मात्र फायदा झाला. दुखणी संपली नाहीत. विजेवर चालणारा कूलंटचा पंप फारशी सूचना न देता बंद पडणं या इंजिनातही होतं. पण एकंदर त्रास कमी झाला.

२०१५ मध्ये बी ५८ आलं. त्याचा ब्लॉक ‘क्लोज्ड डेक’ प्रकारचा आहे, म्हणजे सिलिंडरच्या भिंती वरच्या बाजूलाही ब्लॉकला घट्ट जोडलेल्या असतात आणि जास्त दाबातही हलत नाहीत. टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर पाण्यावर चालणारा आहे आणि तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. ३४०आयमध्ये या इंजिनानं ३२६ हॉर्सपॉवर दिली. त्याचीच सुधारित आवृत्ती एम३४०आयमध्ये आहे. ती गाडी मार्च २०२१ मध्ये भारतात आली. चेन्नईच्या कारखान्यात जोडली जाणारी ही पहिली एम परफॉर्मन्स गाडी, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या वेगवान मालिकेतली. ३८७ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत, आणि तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ६२.९० लाख. म्हणजे एन ५४ पेक्षा ऐंशी हॉर्सपॉवर जास्त, आणि तरीही या इंजिनाचं नाव मोठ्या बिघाडांसाठी घेतलं जात नाही. टोयोटानं २०१९ च्या सुप्रासाठी हेच इंजिन घेतलं, यावरून काय ते समजावं. त्याचं वय झालं की रबर आणि प्लास्टिकचे भाग थकतात, उदाहरणार्थ कूलंटच्या नळ्या, व्हॉल्व्ह कव्हर आणि ऑइल फिल्टर हाउसिंगची गॅस्केट. हे खर्च त्रासदायक असतात, पण त्यात इंजिन जात नाही.

या तीन पिढ्या पाहिल्या की वेग आणि भरवसा एकाच तराजूच्या दोन पारड्यांत नसतात हे पटतं. नवं तंत्र पहिल्यांदा वापरणारं इंजिन आणि त्याच तंत्राची तिसरी आवृत्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता जास्त आरपीएमचा मार्ग. २००८ ते २०११ दरम्यान विकलेल्या ई ९० एम३ सेडानमध्ये एस ६५ नावाचं चार लिटरचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन होतं. टर्बो नाही, ४२० हॉर्सपॉवर, आणि ती मिळते ८,३०० आरपीएमला. पिस्टन आणि रॉडच्या वजनामुळे बेअरिंगवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे तेच इंजिन ६,००० ऐवजी ८,३०० आरपीएमला फिरवलं तर वेग अडतीस टक्के वाढतो, पण हा ताण जवळजवळ दुप्पट होतो. हा सगळा भार बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला तेलाचा अगदी पातळ पापुद्रा पेलतो. त्यासाठी कंपनीनं १०डब्ल्यू-६० हे जाड तेल ठरवून दिलं होतं. तेल थंड असताना इंजिन ताणू नये म्हणून आरपीएमच्या काट्याभोवती दिवे ठेवले होते, आणि तेल तापेल तशी परवानगीची मर्यादा वर सरकत जायची. एवढं करूनही या इंजिनात रॉड बेअरिंग लवकर झिजतात हे आता सर्वांना माहीत आहे. झिजलेलं बेअरिंग निकामी झालं तर क्रँक खराब होतो आणि गाडीच्या किमतीच्या तुलनेत इंजिनाचा खर्च परवडेनासा होतो. म्हणून जाणते मालक इंजिन उत्तम चालत असतानाच बेअरिंग बदलून घेतात. जर्मनी, इंग्लंड किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ही गाडी मोहात पाडेल अशा किमतीत दिसते. जरूर घ्यावी, तो आवाज आता नव्या गाडीत मिळणार नाही. पण विकणाऱ्याकडे बेअरिंग बदलल्याची पावती नसेल, तर ते काम लगेच करायचं आहे असं धरूनच भाव ठरवावा.

त्या एम३मध्ये ४०० न्यूटन मीटर टॉर्क ३,९०० आरपीएमला मिळतो. एम३४०आयमध्ये ५०० न्यूटन मीटर सुमारे १,९०० आरपीएमपासूनच हाताशी असतो. खोपोलीहून लोणावळ्याकडे घाट चढताना ट्रकला ओलांडायचं असेल तर यातलं काय उपयोगी पडेल, हे वेगळं सांगायला नको. रोजच्या वापरात कामी येणारा वेग बहुतेक वेळा कमी आरपीएमच्या टॉर्कमधून येतो. शून्य ते शंभरच्या आकड्यातल्या अर्ध्या सेकंदासाठी दुसऱ्या इंजिनाकडे जाण्याआधी हे मनात असू द्यावं.

भरवशाबद्दल आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. भाग किती वेळा बिघडतो याइतकंच तो कुठे बसवलेला आहे हेही महत्त्वाचं असतं. ३२०डीमधलं एन ४७ हे डिझेल इंजिन आपल्या सेकंड हँड बाजारात खूप दिसतं. त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी, पुढच्या बाजूला नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. विशेषतः २०११ च्या आधीच्या गाड्यांत ती चेन आणि तिला जागेवर धरणारी गाइड झिजण्याच्या तक्रारी भरपूर आल्या. भाग फार महाग नाहीत, पण तिथवर पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि बिल मजुरीनं फुगतं. ऑडीच्या २००३ ते २००८ दरम्यानच्या एस४मध्ये ४.२ लिटरचं व्ही-एट होतं, तिथंही चेन मागेच. तिची प्लास्टिकची गाइड तुटली की इंजिन बाहेर काढण्यावाचून पर्याय नाही. बी ५८ मध्येही चेन मागेच आहे, पण तिथं चेन सहसा त्रास देत नाही, म्हणून कोणी त्याबद्दल बोलत नाही. ३२८आयमधल्या एन २० या दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनात चेनची प्लास्टिक गाइड ठिसूळ होण्याचा दोष होता, आणि अमेरिकेत त्यावर कंपनीला वॉरंटी वाढवावी लागली. मर्सिडीजच्या सी६३ मधल्या ६.२ लिटरच्या एम १५६ इंजिनात सुरुवातीच्या काही वर्षांत सिलिंडर हेडचे बोल्ट तुटण्याचा धोका होता, पुढे कंपनीनं बोल्ट बदलले. अशा गाडीत इंजिन नंबरवरून जुने बोल्ट की नवे, हे तपासता येतं. म्हणजे एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांच्या फरकानं चित्र पालटू शकतं.

मग लोक सर्वेक्षणांकडे वळतात. ती जरूर पाहावीत, पण काय मोजलंय ते कळल्याशिवाय नाही. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवर या कंपनीचं ‘इनिशियल क्वालिटी’ सर्वेक्षण नव्या गाडीच्या पहिल्या नव्वद दिवसांतल्या तक्रारी मोजतं. त्यात फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही तक्रारही धरली जाते. जर्मनीच्या एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेची आकडेवारी रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची असते, आणि त्यात सर्वांत मोठं कारण बॅटरी असतं. तिथल्याच टीयूव्ही या तपासणी संस्थेचा अहवाल सक्तीच्या तपासणीत सापडलेल्या दोषांचा असतो, म्हणजे ब्रेक, दिवे, सस्पेन्शन, तेलगळती. मालकानं गेल्याच महिन्यात टर्बोवर मोठा खर्च केला, हे त्यात दिसत नाही. आठ वर्षांची गाडी घेणाऱ्याला पहिल्या नव्वद दिवसांच्या आकड्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. त्यापेक्षा त्या विशिष्ट इंजिनावर रोज काम करणाऱ्या मेकॅनिकशी अर्धा तास बोललेलं बरं.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. बीएमडब्ल्यू, जग्वार एक्सई, अल्फा रोमिओ जुलिया अशा अनेक गाड्यांत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे, आणि तो टिकाऊपणात उत्तम आहे. गाडी बनवणारे त्याचं तेल आयुष्यभर चालतं असं सांगतात. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान किंवा आठ वर्षांत तेल बदला म्हणते. मी झेडएफचं ऐकेन.

आता आपल्याकडचं. युरोपात जे इंजिन पंचवीस अंशांत चालतं, ते अकोला-नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत वाहतुकीत उभं राहतं. प्लास्टिकच्या कूलंट नळ्यांचं वय इथं लवकर होतं, म्हणून किलोमीटर कमी आहेत एवढ्यावर खूश होऊ नये. पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या रनफ्लॅट टायरची बाजू कडक असते, खड्ड्यात जोरात आदळलं की टायरला फुगा येतो किंवा अलॉय वाकतं, आणि बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते. इंधनाच्या झाकणामागे इथेनॉलचं किती प्रमाण चालेल ते लिहिलेलं असतं. जुन्या गाडीत ते वाचूनच ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल, कंपनीला विचारावं.

पुराची गाडी हा महाराष्ट्रातला खरा धोका. २००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण, प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्यांनी ‘टोटल लॉस’ ठरवलेल्या गाड्या स्वच्छ होऊन कुठे ना कुठे बाजारात येतात. थ्री सिरीजची बॅटरी डिकीत असते. डिकीतला कार्पेट उचलून बॅटरीच्या खणात गाळाचा थर किंवा गंजलेले कनेक्टर दिसतात का, सीटच्या रुळांखाली माती आहे का, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर त्यावर पाण्याची रेघ दिसते का, हे स्वतः पाहावं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दिसतात. त्यात एनओसी, महाराष्ट्रातली नोंदणी आणि इथला रोड टॅक्स धरल्यावर किती स्वस्त उरते, हे आरटीओत विचारून मगच टोकन द्यावं.

गाडी पाहायला जाताना विकणाऱ्याला सांगावं की सकाळपासून सुरू करू नका. टायमिंग चेनची खडखड, टर्बोचा आवाज, निळा धूर हे सगळं थंड इंजिन सुरू करताना पहिल्या काही सेकंदांत कळतं. गाडी आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जावं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून चॅसी नंबरवर पूर्ण इतिहास काढून घ्यावा. किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डवर बदलता येतो, पण तो गाडीतल्या इतर कॉम्प्युटरमध्येही साठवलेला असतो, चांगला स्कॅनर ते दाखवतो. बी ५८ च्या गाड्यांत ‘स्टेज वन’ म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं फार चालतं. तसं केलं असेल तर कोणी केलं, वॉरंटी शिल्लक आहे का, हे स्पष्ट विचारावं. पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकून विकलेली गाडी मी तरी घेणार नाही, कारण लपवालपवी एका जागी असेल तर दुसरीकडेही असण्याची शक्यता असते.

पैशांबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. पंचवीस लाखांना घेतलेल्या गाडीचे सुटे भाग पंचवीस लाखांच्या गाडीचे नसतात. ती नवी असताना साठ लाखांची होती, आणि ब्रेक डिस्क, शॉक अॅब्सॉर्बर, हेडलाइट यांचे भाव त्याच हिशेबानं राहतात. माझा सल्ला असा की सगळं बजेट गाडीवर खर्च करू नये. किमतीच्या पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवावी आणि उरलेल्यात बसेल ती गाडी पाहावी.

भारतात, घरातली एकमेव गाडी म्हणून कोणी मला विचारलं, तर मी एक्स्टेंडेड वॉरंटी शिल्लक असलेली आणि ती नव्या मालकाच्या नावावर करता येणारी एम३४०आय सुचवेन. बजेट तेवढं नसेल तर २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० पाहावी. तिच्यात तेलात बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, भाग फोक्सवॅगन समूहाच्या इतर गाड्यांशी जुळतात, मोठी डिकी आहे, आणि घाटात ती मन भरून पळते. तिच्यात थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाउसिंगमधून कूलंट गळतो का ते पाहावं आणि डीएसजीचं तेल दर ६० हजार किलोमीटरला बदललंय का याची पावती मागावी. जुनं व्ही-एट किंवा एन ५४ मनातच भरलं असेल तर ते दुसरी गाडी म्हणून घ्यावं, आणि त्या इंजिनावर हात बसलेला मेकॅनिक आधी शोधावा.

गाडी घरी आली की कॉम्प्युटर सांगेल त्याची वाट न पाहता तेल आणि फिल्टर बदलावेत, आणि पुढे दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा तेल बदलत राहावं. बॅटरी बदलली तर नवी बॅटरी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवून घ्यावी, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबानं होत राहतं. आणि सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं, तेल तापेपर्यंत, कितीही मोह झाला तरी आरपीएम तीन हजारांच्या आत ठेवावा.